विद्यापीठाच्या कुंपणालगत

ग्रॅनी स्मिथ हे हिरवं, आंबटसर सफरचंद आता पुण्या-मुंबईच्या फळवाल्यांकडेही दिसतं. त्याचं मूळ झाड सिडनीजवळच्या ईस्टवूडमध्ये, मारिया ॲन स्मिथ या बागाईतदार बाईंच्या वाडीत १८६८च्या सुमारास उगवलं. हा सगळा राइडचा पट्टा तेव्हा फळबागांचा. त्याहीआधी तो वल्लुमट्टागल या मूळ रहिवाशांचा मुलूख. युद्धानंतर शहर चहूबाजूंनी पसरायला लागलं, तेव्हा १९५१च्या विकास आराखड्यात इथल्या जमिनीवर हरितपट्ट्याचा शिक्का बसला. त्यामुळे भाजीमळे आणि कोंबडीपालनाच्या वाड्या आणखी काही वर्षं तगल्या.

सरकारला विद्यापीठासाठी मोकळी जमीन हवी होती आणि ती इथेच होती. १९६४मध्ये कायदा होऊन मॅक्वारी विद्यापीठ स्थापन झालं, १९६७मध्ये वर्ग सुरू झाले. शेजारची जमीनही त्याच हिशेबात धरली गेली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१मध्ये आपल्याच जागेत उद्योग वसवले होते आणि त्यातून काय घडलं ते जग पाहत होतं. तसंच इथेही व्हावं, प्राध्यापक आणि कारखानदार एकमेकांच्या शेजारी असले की देवाणघेवाण आपोआप होईल, अशी कल्पना. आजचं मॅक्वारी पार्क हे त्या कल्पनेचं अपत्य.

आवाराची आखणी वॉल्टर अब्राहम या वास्तुरचनाकाराने केली. जमिनीवर चौकटी आखून त्याने सगळं विद्यापीठ त्यांत बसवलं. इमारतींची नावंही चौकटीवरूनच पडली: ई७बी, सी५सी. नव्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा हे कोडं सोडवण्यात जायचा. आता इमारतींना रस्त्यांचे पत्ते मिळाले आहेत आणि आवारातल्या मुख्य पायवाटेचं नाव आहे ‘वॉलीज वॉक’. हा वॉली म्हणजे अब्राहमच.

पायवाटेला ज्याचं नाव, त्याच्या विद्यापीठाशेजारी जे उभं राहिलं ते मात्र पायी चालणाऱ्यांसाठी नव्हतं. वॉटर्लू रोड, तालावेरा रोड, खार्टूम रोड या रणभूमींच्या नावांच्या रस्त्यांवर बैठ्या इमारती आल्या. पुढे हिरवळ, मागे ऐसपैस पार्किंग. एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जायचं तर पाय दुखावेत एवढे मोठे भूखंड. १९८१मध्ये मॅक्वारी सेंटर हा मॉल उघडला, त्यात चक्क बर्फावर स्केटिंग करायचा रिंक. १९९७मध्ये एम-२ हा महामार्ग आला आणि गाड्यांची चंगळ झाली. औषध कंपन्या आल्या, संगणकवाल्या आल्या. २००७मध्ये ऑप्टस या दूरसंचार कंपनीने आपलं मुख्यालयच इथे हलवलं. यातल्या कितीजणांना शेजारच्या विद्यापीठाची ओढ होती आणि कितीजणांना स्वस्त भाड्याची आणि फुकट पार्किंगची? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

रेल्वे आली ती २००९मध्ये, म्हणजे चाळीस वर्षं उशिरा. लेन कोव्ह नदीवरून पूल न्यायचा बेत होता. राष्ट्रीय उद्यानातून पूल नको म्हणून लोकांनी ओरड केली आणि मार्ग नदीखालून बोगद्यात गेला. चढ त्यामुळे तीव्र झाला, बोगद्यातल्या आवाजाने प्रवासी वैतागले. २०१८च्या सप्टेंबरअखेर हाच मार्ग मेट्रोसाठी बंद झाला आणि काही महिने गुलाबी रंगाच्या बसगाड्यांनी लोकांना वाहिलं. मे २०१९पासून विनाचालक मेट्रो धावते, ऑगस्ट २०२४पासून ती थेट मुख्य शहरात जाते. वायव्येच्या उपनगरांत घरं घेतलेली बरीच भारतीय मंडळी, त्यांत मराठीही, याच गाडीने ये-जा करतात. आता स्टेशनांभोवती निवासी टॉवर उठत आहेत. कचेऱ्यांच्या या वसाहतीत रात्री मुक्कामाला माणसंही राहू लागली आहेत.

मग देवाणघेवाण झालीच नाही का? झाली, पण आखलेल्या वाटेने नव्हे. विद्यापीठाच्या पलीकडे मार्सफील्डला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची रेडिओ प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन ओसलिव्हन आणि सहकारी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका अडचणीशी झुंजत होते. बंद खोलीत रेडिओलहरी भिंतींवर, कपाटांवर आपटतात आणि एकच संदेश मागेपुढे अनेकदा पोचून सगळा गोंधळ होतो. ओसलिव्हनने पूर्वी फुटणाऱ्या कृष्णविवरांचे संकेत आकाशात शोधले होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत निवडून काढायचं गणित हाती राहिलं. माहितीचा एकच वेगवान प्रवाह न पाठवता तो अनेक संथ प्रवाहांत वाटून वेगवेगळ्या वारंवारितांवर एकाच वेळी सोडायचा, ही युक्ती. १९९६मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी मॅक्वारी विद्यापीठाचे डेव्हिड स्केलर्न आणि नील वेस्ट यांनी रेडिआटा ही कंपनी काढली आणि ते तंत्र चिपमध्ये उतरवलं. २०००मध्ये सिस्को कंपनीने ती सुमारे ३० कोटी अमेरिकी डॉलरना घ्यायचं ठरवलं. पेटंटच्या कज्ज्यांतून आणि तडजोडींतून सीएसआयआरओला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक मिळाले. घराघरांतल्या वाय-फायमागे हे गणित आहे.

दुसरी गोष्ट कानाची. कॉक्लिअर इम्प्लांट हे मूळ मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांचं काम. १९७८मध्ये रॉड सॉन्डर्स यांच्या कानात त्यांनी आपलं पहिलं अनेक इलेक्ट्रोडचं उपकरण बसवलं. ते बाजारात आणणारी कॉक्लिअर कंपनी मात्र सिडनीची, आणि २०१०मध्ये तिने मुख्यालय थेट विद्यापीठाच्या आवारात थाटलं. गोगलगाईच्या शंखासारख्या अंतःकर्णात सरकवायची ती बारीक तार सिलिकोनची, तिच्यावर प्लॅटिनमचे २२ इलेक्ट्रोड. धूळरहित खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून कामगार ती हाताने जुळवतात. यंत्रांच्या जमान्यातही हे काम सराईत बोटांचं राहिलं आहे.

२०१३मध्ये त्याच आवारात ऑस्ट्रेलियन हिअरिंग हब उघडलं. तिथे श्रवणतज्ज्ञांचं शिक्षण चालतं, भाषाशास्त्रज्ञ बसतात, ऐकू न येणाऱ्या मुलांची तपासणीही होते. इम्प्लांट बसवल्यावर कुठल्या इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह द्यायचा हे माणसागणिक ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना आलेली अडचण अभियंत्यांच्या कानावर घालायला श्रवणतज्ज्ञाला गाडी काढावी लागत नाही. अभियंते त्याच युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर बसतात.