चित्रावरून गोष्ट : मुलांना त्यांची सांगू द्या!

आमच्या बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर मुलांचा वर्ग भरतो. एका रविवारी जुन्या कॅलेंडरवरचे एक चित्र मी भिंतीला लावले. विहीर, शेजारी हंडा घेतलेली बाई, मागे झाड. “यावर गोष्ट लिहा,” असे मुलांना सांगितले.

बहुतेकांनी शाळेतल्या सवयीने लिहिले, ‘हे विहिरीचे चित्र आहे. चित्रात एक बाई आहे. झाड हिरवे आहे.’ चौथीतल्या एका मुलीने मात्र लिहिले, ‘बाई टँकरची वाट बघते. टँकर आला नाय. आज तिचा खाडा होणार. मुकादम पैसे कापणार. मग तिने हंडा उपडा केला, त्याच्यावर बसली आणि गाणं म्हणाली.’

चित्रात टँकर नव्हता, मुकादमही नव्हता. मी कारकून माणूस. चुकलेल्या आकड्याखाली लाल रेघ मारायची हाताला सवय. पेन उघडलेही होते. तेवढ्यात आठवले, या मुलीची आई बांधकामावर बिगारी काम करते. मी रेघ मारली असती, तर त्या पोरीला काय वाटले असते? आपल्या आईचे जगणेच चुकीचे!

बंधु-भगिनींनो, वर्णन आणि गोष्ट यांत फरक आहे. चित्रात दिसते ते वर्णन. याआधी काय घडले, पुढे काय होईल, माणसाच्या मनात काय चालले आहे, हे सांगते ती गोष्ट. ती मुलाला स्वतःच्या अनुभवातूनच आणावी लागते.

आपल्याला हे नवे नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगवल्या आहेत. सहा सुळ्यांच्या हत्तीची छद्दंत जातककथा लेणी क्रमांक १० मध्ये आहे आणि क्रमांक १७ मध्येही आहे. दोन्हींत काही शतकांचे अंतर. कथा तीच, पण चित्रकारांनी ती आपापल्या परीने मांडली. त्यांतला एक बरोबर आणि दुसरा चूक, असे कोणी म्हणत नाही. मग आपल्याच पोरांना एक ठरलेले उत्तर का मागायचे?

हे काम घरीही करता येते. त्याला पैसा लागत नाही. जुने कॅलेंडर, वर्तमानपत्रातला फोटो, काडेपेटीवरचे चित्रसुद्धा चालते. मुलाला चार प्रश्न विचारा : हा कोण? याच्या आधी काय झाले असेल? आता त्याला काय वाटत असेल? चित्राच्या बाहेर कोण उभे आहे? उत्तर आपण सांगू नये. मूल गप्प बसले तर बसू द्यावे, ते विचार करत असते. लिहिता न येणाऱ्या लहानग्याची गोष्ट मोठ्या भावंडाने, त्याच्याच बोलीत, जशीच्या तशी उतरवून घ्यावी. ‘नाय’चे ‘नाही’ नंतर करता येते. शुद्धलेखन हवेच, पण आधी गोष्ट पुरी होऊ द्या. आई-वडिलांना वाचता येत नसेल तरी अडत नाही. मुलाला वाचायला सांगावे आणि आपण ऐकावे.

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्यानंतर अर्धा तास मुलांच्या गोष्टींना द्यावा, अशी कार्यकर्त्यांना विनंती आहे.

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, ते ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी. आपल्याच घरातले मूल वहीपुढे मुके बसत असेल, तर ते काम अजून संपलेले नाही.

पुढच्या रविवारी त्या मुलीने आपली गोष्ट विहारात वाचली. मागे बसलेल्या तिच्या आईने पदराने डोळे पुसले आणि एवढेच विचारले, “गाणं कुठलं म्हणाली गं ती बाई?”

मुलगी म्हणाली, “ते आता लिहिते.”