पेशीच्या दारावरची घंटा

संस्कृतात ‘अर्बुद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ गाठ. सुश्रुताने तो योजला आहे. दुसरा अर्थ एक प्रचंड संख्या. मेंदूतील अर्बुदाची आजची शास्त्रीय कथा वाचली, म्हणजे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदणे अगदी साजेसे वाटते.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ नि दूध आठवते. परंतु आपली प्रत्येक पेशी स्वतःच हजारो प्रकारची प्रथिने घडवीत असते. त्यांपैकी एकाचे नाव ईजीएफआर. ते पेशीच्या आवरणात बसते. एक टोक बाहेर, दुसरे आत. बाहेरून वाढीचा निरोप आणणारे प्रथिन त्याला चिकटले, की आतले टोक जागे होते आणि पेशीला विभागण्याचा हुकूम सुटतो. दारावरची घंटाच म्हणा ना! हा निरोप्या स्टॅन्ली कोहेन यांनी शोधला. १९८६ साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी पेशीत या घंटेच्या आराखड्याच्या, म्हणजे जनुकाच्या, दोनच प्रती असतात. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या उग्र अर्बुदात मात्र सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये त्या प्रती अतोनात वाढलेल्या आढळतात. मग घंटाही उदंड! काही घंटांचा तर बाहेरचा तुकडाच गळालेला असतो. दाराशी कोणी नसतानाही त्या वाजत राहतात. पेशी वाढतच जातात.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार, प्रौढांतील काही अर्बुदे सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसली, तरी त्यांत आयडीएच जनुकातील बदल नसून ईजीएफआरच्या प्रती वाढलेल्या असतील, तर त्यांची गणना ग्लिओब्लास्टोमातच, म्हणजे चौथ्या श्रेणीत होते. अहवालातील एक ओळ उपचारांची दिशा ठरवते, ती अशी.

मग ही घंटाच बंद का करू नये? गेफिटिनिब, एर्लोटिनिब ही तशीच औषधे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ती गुणकारी ठरली. मेंदूत मात्र त्यांनी निराशा केली. मेंदूच्या रक्तवाहिन्या बहुतेक औषधांना आत शिरू देत नाहीत; शिवाय एकाच गाठीतल्या शेजारी पेशी निरनिराळ्या घंटांवर चालतात.

म्हणून शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हाच मुख्य आधार. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या किरणोपचारांनी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपलीकडे जगले. औषधाची जोड मिळताच तो आकडा १४.६ महिने झाला. वाढ अल्पच! पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. ग्लिओब्लास्टोमाचे निदान झाल्यावर केवळ या प्रथिनाच्या विपुलतेवरून कोणाचे दिवस मोजता येत नाहीत. त्याबाबत संशोधकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वय, प्रकृती, किती गाठ काढता आली, हेही पाहावे लागते. निम्म्यांचा आकडा हा समूहाचा असतो. आपल्या घरातले माणूस त्याच्या अलीकडचे की पलीकडचे, हे तो आकडा सांगत नाही. डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारावेत. पण त्या आकड्याला पंचांगातला मुहूर्त मानू नये.