अधिवृक्क मेदातिवृद्धी, जन्मजात

मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) स्टेरॉइड हॉर्मोने तयार न झाल्याने तेथील कोशिका कोलेस्टेरॉलयुक्त मेदाने भरून फुगतात, अशी आनुवंशिक विकृती. प्राडर यांनी 1955 मध्ये तिचे वर्णन केले. परंतु तिची कारणमीमांसा मुख्यतः प्राण्यांवरील अभ्यासातून उलगडली.

सर्व स्टेरॉइड हॉर्मोने कोलेस्टेरॉलापासून बनतात. त्यासाठी ते कलकणूंच्या (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म अंगकांच्या) आतील पटलापर्यंत पोहोचावे लागते. हे वहन ‘स्टार’ नावाच्या प्रथिनामुळे त्वरेने होते. अशी विकृती असलेल्या सशांत कोलेस्टेरॉलाची पार्श्वशृंखला तोडणाऱ्या एंझाइमाचा जीन लुप्त झालेला आढळला होता. मात्र बहुसंख्य मानवी रुग्णांत दोष स्टार प्रथिनाच्या जीनमध्ये असल्याचे 1995 मध्ये दिसून आले.

स्टारचा जीन निष्क्रिय केलेल्या उंदरांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. ही पिले जन्मतः धडधाकट दिसत. पण नरांचीही बाह्य जननेंद्रिये मादीसारखी असत. पुढे त्यांची वाढ खुंटे व अधिवृक्क स्रावांच्या अभावी ती दगावत. त्यांच्या अधिवृक्क बाह्यकात मेदाचे विपुल साठे होते, वृषणात थोडे, तर अंडकोशात मुळीच नव्हते. हा फरकच उद्‌बोधक ठरला. स्टारशिवायही अल्प हॉर्मोननिर्मिती चालू राहते. परंतु रक्तातील हॉर्मोन घटल्याने पोष ग्रंथी अधिवृक्काला सतत चेतवीत राहते. कोशिका कोलेस्टेरॉल गोळा करीत जातात आणि अखेर त्या साठ्यानेच मरतात. अंडकोशाला असे चेतन वयात येईपर्यंत मिळत नाही, म्हणून तो तोवर बचावतो. हॉर्मोने टोचून जगविलेल्या माद्यांच्या अंडकोशांतही प्रौढपणी मेद साचतो, हे नंतर दिसून आले.

उंदराचे अधिवृक्क कॉर्टिसॉल बनवीत नाही, कॉर्टिकोस्टेरोन बनविते. म्हणून तेथील मोजमापे माणसाला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत.

अधिवृक्क अतिवृद्धीचा नेहमीचा प्रकार 21-हायड्रॉक्सिलेज एंझाइमाच्या न्यूनतेचा असतो. मुंबईसह पाच शहरांत 2007–12 या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या नवजात तपासणीत अधिवृक्क अतिवृद्धीचे प्रमाण सुमारे 5,800 अर्भकांत एक असे आढळले. अशा तपासणीत रक्तातील 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन मोजतात. मेदातिवृद्धीत ते वाढत नाही, त्यामुळे केवळ या चाचणीने ती ओळखता येत नाही. वांत्या, निर्जलीभवन, रक्तात सोडियम कमी व पोटॅशियम जास्त अशी अवस्था झालेल्या अर्भकात, विशेषतः त्वचा काळसर असल्यास, चाचणीचा निष्कर्ष सामान्य असूनही या विकृतीची शंका घ्यावी लागते. कारण वेळीच दिलेल्या स्टेरॉइडांनी व मिठाने असे मूल जगते.