आळस नव्हे, आजार!

पहिल्या लेक्चरला मागच्या बाकावर डुलक्या काढणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. पिंपरीत अशा झोपेला कारण तयार असतं, 'थर्ड शिफ्ट करून आला असेल!' बऱ्याचदा ते खरंही असतं. पण क्वचित या झोपेचं मूळ जनुकात असतं.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी टाइप १ हा स्नायूंचा दुर्मीळ आनुवंशिक आजार. त्याची एक खूण म्हणजे घट्ट धरलेली मूठ पटकन उघडत नाही. बाइकचा क्लच किंवा मेट्रोतला दांडा सोडतानाही बोटं काही क्षण अडकून बसतात. १९व्या गुणसूत्रावर 'सीटीजी' ही तीन अक्षरं निरोगी माणसात साधारण ५ ते ३५ वेळा येतात, या आजारात ५० पासून हजाराहून जास्त वेळा. हे १९९२मध्ये उलगडलं. या लांबलेल्या ओळीचा आरएनए पेशीतली गरजेची प्रथिनं अडकवून ठेवतो. मग स्नायूंसोबत हृदयाचं आणि मेंदूचंही काम बिघडतं.

मेंदूवरचा परिणाम सगळ्यांत सारखा नसतो, पण तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढू शकतो. रात्री नीट झोपूनही दिवसा झोप येते, लक्ष टिकत नाही, कामाची आखणी जमत नाही, कशातच उत्साह वाटत नाही. अनेकांच्या एमआरआयमध्येही मेंदूतले बदल दिसतात. घरचे मात्र 'आळशी' म्हणून मोकळे होतात. काही वेळा रुग्णाला स्वतःतला बदल जाणवतही नाही. म्हणूनच तुमचं लक्ष असायला हवं.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. पुढच्या पिढीत तो बऱ्याचदा लवकर आणि जास्त जोरात येतो. घरात कुणाला कमी वयात मोतीबिंदू झाला असेल आणि तुमची मूठ अडकत असेल, तर न्यूरोलॉजिस्टना दोन्ही गोष्टी सांगा. रक्ताच्या जनुकीय चाचणीतून निदान होतं. निदान झालं की नियमित ईसीजी हवाच, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनाही सांगायलाच हवं.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण हातात काहीच नाही, असंही नाही. २०१८मध्ये युरोपातल्या २५५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समुपदेशन आणि जोडीला व्यायाम मिळालेल्यांचं रोजचं जगणं १० महिन्यांत थोडं सुधारलं होतं. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे.

तेव्हा पुढच्या वेळी त्या मित्राला 'कुंभकर्ण' म्हणण्याआधी एकदा विचारा, 'मूठ पटकन उघडते ना रे तुझी?'