आज्जीच्या डोळ्यातलं प्लास्टिक

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लेखी आवृत्ती. आधीच सांगतो, मी कोड लिहून पोट भरतो. केमिस्ट्रीशी माझा संबंध बीटेकच्या पहिल्या वर्षातच संपला होता. तो परत जोडला आज्जीने.

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी दोन लेन्स सांगितल्या, एक कडक, एक घडी होणारी. घरात पैशांची चर्चा सुरू, आणि आज्जीचा प्रश्न भलताच: "अरे, डोळ्यात प्लास्टिक घालणार म्हणे. मी रोज चुलीपुढं बसते. वितळलं तर?" मी हसलो. मग कळलं की उत्तर मलाही येत नाहीये. आणि उत्तर मिळेपर्यंत ती सही करणार नव्हती.

तर, शोधलं ते असं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर पर्स्पेक्सचं, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचं पारदर्शक छत असायचं. गोळ्या लागून ते फुटलं की तुकडे पायलटच्या डोळ्यात घुसायचे. हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे आत नुसते पडून राहतात, डोळा फारशी कुरकुर करत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी याच प्लास्टिकची लेन्स पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. पहिल्या लेन्सचा नंबर सपशेल चुकला (व्हर्जन वनमध्ये बग असतोच!), बड्या डॉक्टरांनी कडाडून विरोध केला, पण कल्पना टिकली.

या प्लास्टिकचं नाव पॉलिमिथाइल मिथाक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब माळ. पीएमएमएच्या माळेचा मुख्य दोरा कार्बनला कार्बन जोडून बनलेला असतो. शरीरातलं पाणी किंवा एन्झाइम्स तो सहजी तोडू शकत नाहीत. याउलट आपोआप विरघळणारे टाके असतात ना, ते बहुतेकदा पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या जातीचे. त्यांच्या मुख्य दोऱ्यातच एस्टरचे जोड असतात, पाणी लागलं की एकेक सुटतो आणि दोन-तीन महिन्यांत टाका गायब. गंमत म्हणजे एस्टर पीएमएमएमध्येही आहे, पण बाजूला लटकलेला. तो तुटला तरी माळ शाबूत! मला हे वाचून अक्षरशः उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या.

आणि वितळणं? पीएमएमए मऊ पडायला लागतं साधारण १०५ अंश सेल्सिअसला. डोळा तेवढा तापला तर लेन्सची काळजी करायला आपण उरणार नाही.

हे आज्जीला सांगितलं. तिला फारसं पटलं नाही. मग सुचलं, तिची कवळी! तो गुलाबी भाग बहुतेक वेळा याच प्लास्टिकचा असतो. "इतकी वर्षं तोंडात घालून कढत चहा पितेस, वितळली का?" ती कवळी काढून बघत बसली. सांधा बदलताना वापरतात ते हाडांचं सिमेंटही हेच बरं का. ऑपरेशन थिएटरमध्ये पावडर आणि द्रव कालवतात, काही मिनिटांत घट्ट.

आता घडीच्या लेन्सचं. त्याच खानदानातल्या माळेच्या बाजूचे लटकन बदलले की काचेसारखं कडक प्लास्टिक लवचिक होतं. ओटो विख्टरले या चेक शास्त्रज्ञाने पाणी धरून ठेवणारा असाच एक भाऊबंद घेतला आणि १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या सेटमधून मशीन जोडून घरीच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या.

महाग म्हणजे जास्त स्पष्ट दिसणार, असं मला वाटत होतं. तसं नाही. साध्या कडक लेन्समधूनही छान दिसतं, मुख्य फरक छेदाचा. कडक लेन्सला ५-६ मिलिमीटरचा छेद लागतो, घडीच्या लेन्सला ३ च्या आत भागतं, म्हणून डोळा लवकर सावरतो. आणि कडक लेन्स परवडणारी झाली त्यात मदुराईच्या ऑरोलॅबचा मोठा वाटा. १९९२ पासून तिथे लेन्स बनू लागल्या आणि शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू दहाच्या खाली आली.

आम्ही घडीची घेतली, कारण आज्जी स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. पुढे कधी परत धूसर दिसलं तर लेन्स खराब झाली असं समजू नका. बऱ्याचदा तिच्यामागचा नैसर्गिक पडदा गढुळतो आणि तो लेसरने साफ करता येतो.

डॉक्टरांनी चुलीपासून काही आठवडे लांब राहायला सांगितलं होतं, धुरामुळे. चौथ्या दिवशी आज्जी भाकऱ्या थापताना सापडली. वर मलाच म्हणाली, "वितळत नाही म्हणालास ना?"