नोंदवहीतील मौन आणि अविवाहित पूर्वज

इंग्लंडमधील पॅरिशच्या नोंदवह्या १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने सुरू झाल्या. त्यांत एखाद्या पूर्वज-जोडप्याच्या विवाहाची नोंद आढळली नाही, की ती दोघे अविवाहित होती असा निष्कर्ष वंशशोधक काढतात. तो उतावीळपणाचा आहे. २५ मार्च १७५४ रोजी हार्डविक यांचा विवाह-कायदा अमलात येण्यापूर्वी गुप्त विवाहही वैध ठरत. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात असे सहस्रावधी विवाह लागले. पुढील काळाचा प्रश्न निराळा. पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट १८५८ पर्यंत पार्लमेंटच्या खास कायद्यावाचून मिळत नसे, म्हणजे तो धनिकांपुरताच होता. इतरांपैकी काहींनी विवाहाविनाच संसार थाटले, आणि त्यांची मुले बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा औरस म्हणूनच दिसतात.

जेथे केवळ मातेचे नाव आणि क्वचित ‘फिलिअस पोपुलि’, म्हणजे ‘लोकांचा पुत्र’, असा निर्दय लॅटिन शेरा आढळतो, तेथे नोंदवही मिटून गरीबनिधीचे कागद उघडावेत. मुलाच्या पोषणाचा भार पॅरिशवर पडू नये म्हणून दंडाधिकारी मातेची शपथेवर जबानी घेत आणि तिने नाव घेतलेल्या पुरुषाकडून हमीपत्र लिहून घेतले जाई. चिंता नीतीपेक्षा तिजोरीची अधिक, हे उघड आहे. पण तिच्यामुळेच निरक्षर स्त्रीचे कथन, कारकुनाच्या भाषेत का होईना, टिकले. अर्थात खरे नाव न सांगण्याचे दडपण तिच्यावर असू शके. मुलाचे मधले नाव त्या पुरुषाचे आडनाव असल्यास जबानीस पुष्टी मिळते.