पांढऱ्या चेंडूचा हिशेब

पेण-रोह्याकडची पोरे शिकायला पनवेल-मुंबईला जातात, कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये पूलची गोडी लागते आणि पुढे नोकरी-संसारात क्यू सुटतो. दहा-बारा वर्षांनी तो पुन्हा हाती आला की पहिली तक्रार ठरलेली असते : नजर राहिली नाही. ही तक्रार सहसा खरी नसते. असा खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात समोरचे सोपे चेंडू पॉकेटमध्ये घालू लागतो. घोडे अडते ते त्याच्या पुढच्या फटक्याला. पांढरा चेंडू कुशनला चिकटलेला असतो, नाहीतर दुसऱ्याच्या चेंडूमागे लपलेला, आणि मग अवघड फटका हुकला की दोष डोळ्यांना दिला जातो. माझ्या मते परतणाऱ्याने नेमाची काळजी सोडून हाताशी असलेला सगळा वेळ या पांढऱ्यावर खर्च करावा.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. कोकणात हाताला पहिले वळण लागते ते कॅरमचे. सोंगटी कुठे मारली की कुठे जाईल, ही समज पूलमध्ये जशीच्या तशी कामाला येते. मारल्यानंतर स्ट्रायकरचे काय होते, ही समज मात्र फसवते. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा, सोंगटी जेमतेम ५ ते साडेपाच ग्रॅमची. त्यामुळे टक्कर झाल्यावर स्ट्रायकर आपल्या रेषेपासून साधारण २० अंशांपलीकडे वळूच शकत नाही. पूलमध्ये दोन्ही चेंडू जवळपास सारख्या वजनाचे, आणि पांढरा घसरतही जातो, गडगडतही जातो. टकरीच्या क्षणी तो न फिरता नुसता घसरत असेल (याला स्टन म्हणतात), तर तो दुसऱ्या चेंडूच्या वाटेशी जवळजवळ काटकोन करून निघतो. गडगडत आला असेल, तर समोरच्या चेंडूचा पाव ते पाऊण भाग झाकणाऱ्या बहुतेक फटक्यांत तो आपल्या मूळ रेषेपासून ३० अंशांच्या आसपास वळतो. एवढ्या दोन कोनांवर टेबलावरच्या बऱ्याच गोष्टी आधीच सांगता येतात. गावाकडच्या टेबलाचे कापड जुने आणि संथ असते, तिथे हे कसे चालणार, असे कोणी म्हणेल. पण संथ कापडावर चेंडू लवकर गडगडू लागतो आणि कमी अंतर जातो. गडगडत्या चेंडूचा कोन फारसा बदलत नाही. (चेंडू मात्र पुसून घ्यावेत, मळक्या चेंडूंवर कसलाच हिशेब लागत नाही.)

सराव किती आणि कसा, याबद्दल १९७८ साली प्रसिद्ध झालेला बॅडली आणि लाँगमन यांचा प्रयोग बोलका आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यातले कर्मचारी कीबोर्ड चालवायला शिकत होते. रोज एकच तास शिकणाऱ्या गटाला जे कसब सुमारे ५५ तासांत आले, ते रोज चार तास बसणाऱ्यांना ८० तासांतही जेमतेम आले. गंमत अशी, की तासाभराचा गट आपल्या प्रगतीवर सर्वांत नाखूश होता, कारण त्यांना दिवस जास्त लागत होते. टंकलेखन म्हणजे पूल नव्हे, हे खरेच. पण हाताच्या सवयीचा प्रश्न दोन्हीकडे आहे. रविवारी सलग चार तास टेबल भाड्याने घेणाऱ्याला भरपूर खेळल्याचे समाधान मिळते, त्या मानाने सुधारणा मिळत नाही. तेच पैसे आठवड्यातल्या तीन-चार छोट्या खेपांत वाटावेत. पॉकेटजवळ एक चेंडू, हातभर अंतरावर किंचित तिरका पांढरा, आणि तो जिथे थांबावा तिथे वहीचा कागद. तोच फटका स्टनने, मग गडगडत, मग खालून फिरकी देऊन. कंटाळवाणे आहे, इलाज नाही. स्वतःचा क्यू असेल तर घरी टेबलावर आडव्या ठेवलेल्या बाटलीच्या तोंडातून काठाला न लावता त्याचे टोक आत-बाहेर करता येते. हात सरळ चालतो की नाही, ते लगेच कळते.

वयाचा आक्षेप फार टिकत नाही. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ नंतर पुन्हा १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. मुंबईचे मायकेल फरेरा १९३८ चे, आणि त्यांचे तिसरे हौशी जगज्जेतेपद १९८३ चे. मुंबईच्याच यासीन मर्चंट यांनी आशियाई स्नूकर विजेतेपद १९८९ मध्ये मिळवले आणि पुन्हा थेट २००१ मध्ये. मात्र ही मंडळी टेबलापासून कधी लांब गेली नव्हती, म्हणून त्यांच्यावरून एवढेच म्हणता येते की चाळिशीत डोळा आणि हात दगा देतातच असे नाही. जवळपास वर्षभर खेळ सोडून २०१३ मध्ये स्नूकरचे जगज्जेतेपद राखणारा रॉनी ओसलिव्हन हे खंडाचे उदाहरण खरे, पण तो ओसलिव्हन आहे.

खरा आक्षेप वेगळाच आहे : खेळ सामन्यातच येतो, एकट्याने कागदावर चेंडू थांबवून काय होणार? यात तथ्य आहे. काळा आठ नंबर उरला असताना हात जड होतो, ते एकट्याच्या सरावात कळत नाही. म्हणून सामने टाळू नयेत. फक्त पहिले काही आठवडे त्यांचा निकाल वेगळ्या मापाने पाहावा. किती चेंडू पडले ते सोडून द्यावे आणि पांढरा किती वेळा ठरवलेल्या जागी थांबला, तेवढेच मोजावे. हरलेल्या फ्रेममध्येही हा आकडा वाढत असेल, तर पुढच्या भाड्याचे पैसे द्यायला हरकत नाही.